परक्या युद्धघोषाची साथ : 'द एक्स' आणि राजकीय गीताचा भाषाप्रश्न

राजकीय गीताचा विचार करणारा तौलनिक साहित्याचा अभ्यासक बहुधा प्रथम त्याच्या शब्दांकडे वळतो. संहिता हाती आली की आशयसूत्रे वेगळी काढता येतात, भाषांतरे शेजारी ठेवता येतात, प्रभाव आणि स्वीकार यांचा आलेख मांडता येतो. ही पद्धत निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु गाणाऱ्याची मातृभाषा एक, त्याने गाण्यासाठी पत्करलेली भाषा दुसरी आणि ज्यांच्या लढ्याविषयी तो गातो त्यांची भाषा तिसरी, अशी स्थिती उद्भवली की ती तोकडी पडू लागते. नेदरलँड्समध्ये १९७९ साली स्थापन झालेला आणि चार दशकांहून अधिक काळ कार्यरत राहिलेला 'द एक्स' हा गट या स्थितीचे एक ठळक उदाहरण आहे. अराज्यवादी पंक चळवळीच्या काठावर त्याचा जन्म झाला. पुढे मुक्त जॅझ, पूर्व युरोपातील लोकसंगीत आणि इथिओपियातील आधुनिक संगीत अशी वळणे त्याने घेतली. समीक्षकांनी या वाटचालीचे वर्णन सामान्यतः 'घोषणेकडून ध्वनीकडे', म्हणजेच राजकारणाकडून कलेकडे, असे केले आहे. हे वर्णन दिशाभूल करणारे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रारंभी एका संज्ञेचा खुलासा करणे आवश्यक आहे. 'अराजक' हा शब्द मराठीत बेबंदशाहीचा निदर्शक बनला आहे. राज्यसंस्थेवाचून चालणाऱ्या, परस्परसहकार्यावर उभ्या असलेल्या समाजाची कल्पना त्या शब्दातून सूचित होत नाही; उलट तिची विटंबना होते. म्हणून येथे 'अराज्यवाद' हा शब्द वापरला आहे. अराज्यवादी पंकचे केंद्र म्हणजे इंग्लंडमधील 'क्रास' हा गट. एसेक्स परगण्यातील 'डायल हाउस' या सामूहिक निवासात पेनी रिंबो आणि स्टीव्ह इग्नोरंट यांनी १९७७ मध्ये तो सुरू केला आणि १९८४ मध्ये तो थांबला. ठशांनी उमटवलेली अक्षरे, जी व्होशर यांची कृष्णधवल चित्रे, वेष्टनावरच छापलेली कमाल किंमत आणि उलगडल्यावर पत्रकासारखा पसरणारा दाट मजकूर ही त्यांच्या ध्वनिमुद्रिकांची लक्षणे होती. १९७८ च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील एक रचना धर्मनिंदक असल्याच्या कारणावरून आयर्लंडमधील कारखान्यातील कामगारांनी तिची छपाई नाकारली. तेव्हा क्रासने त्या जागी दोन मिनिटांची शांतता ठेवली आणि तिला 'मुक्त अभिव्यक्तीचा आवाज' अशा अर्थाचे नाव दिले. शब्दाचे स्थान येथे इतके मध्यवर्ती होते की शब्दाच्या अभावालाही मथळा लागला. द एक्सच्या पुढील वाटचालीशी तुलना करताना हे मौन ध्यानात ठेवावे लागते.

द एक्स या केंद्रापासून भूगोलाने जसा दूर होता तसा स्वभावानेही. भिंतीवर रंगाने झटकन लिहिता यावे म्हणून हे नाव निवडले गेले. कोणी कोणते वाद्य वाजवायचे हे प्रारंभी नशिबावर सोपवले गेले, अशीही कथा गटाविषयी सांगितली जाते. ती शब्दशः खरी असो वा नसो, अकुशलतेला समतेचे तत्त्व मानणारी वृत्ती तिच्यातून नेमकी व्यक्त होते. गटाच्या मागे उभा होता तो ॲम्स्टरडॅममधील रिकाम्या घरांचा ताबा घेणाऱ्या 'क्राकर' तरुणांचा लढा. मार्च १९८० मध्ये फोंडेलस्ट्राटमधील अडथळे हटवण्यासाठी शहरात रणगाडे आणले गेले. त्याच वर्षी ३० एप्रिलला राणी बेआट्रिक्स यांच्या राज्यारोहणाच्या दिवशी मोठी दंगल उसळली. त्या दिवसाची घोषणा होती 'खेन वोनिंग, खेन क्रोनिंग' : घर नाही, तर राज्याभिषेकही नाही. डच भाषेत या दोन शब्दांचे यमक इतके सहज जुळते की ती घोषणा रचली गेली असे वाटतच नाही, सापडली असे वाटते.

आणि नेमक्या याच वर्षी निघालेल्या द एक्सच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत गायक जी. डब्ल्यू. सोक इंग्रजीत गातो. रस्त्यावरची घोषणा मातृभाषेत आणि रंगमंचावरचे गीत परभाषेत ही फारकत दुर्लक्षिण्यासारखी नाही. पंकची भाषाच इंग्रजी होती, दौरे परदेशांत होत होते, हे स्पष्टीकरण खरे आहे, पण पुरेसे नाही. सोकचे गायन गायनापेक्षा उच्चारणाकडे झुकणारे आहे. परभाषेतील शब्द तो तोडून, आघात देऊन, वस्तूसारखा समोर ठेवतो. मातृभाषेतील शब्दाला जे बालपणीचे, घरगुती अस्तर असते ते येथे नसते. ही उणीव आहेच. परंतु आपण बोलतो ती भाषा आपल्या मालकीची नाही याची जाणीव तिच्यातूनच टिकून राहते. गटाच्या एका उत्तरकालीन गीताचे नावच 'धिस साँग इज इन इंग्लिश' असे आहे. इंग्रजी ज्यांना जन्मतः मिळाली त्या क्रासला असे नाव सुचण्याचे कारण नव्हते.

१९८३ मधील 'डिग्निटी ऑफ लेबर' ही रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. वॉर्मर या गावातील फान खेल्डर कागद कारखान्याच्या अस्ताविषयीच्या या संचात चार लहान तबकड्या आहेत. त्यांच्या आठ बाजूंवर आठ रचना, आणि आठांचे नाव एकच, फक्त क्रमांक वेगळा. 'शोषले, फेकले' असा त्या नावाचा भावार्थ. शीर्षकातील 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द आपल्याकडे शाळेच्या भिंतीवरील सुविचारात स्थिरावला आहे. येथे तो बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकावर लावावा तसा लावला आहे. कथन पुढे सरकत नाही, क्रमांक तेवढा पुढे सरकतो. तबकडी उलटण्याची, बदलण्याची यांत्रिक क्रिया श्रोत्याला आठ वेळा करावी लागते आणि दर वेळी तेच नाव त्याच्या समोर येते. १९८२ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाची आठवण मराठी अभ्यासकाला येथे होणे स्वाभाविक आहे. तो मोह मी टाळतो. सुमारे अडीच लाख कामगारांचा संप आणि एका गावातील एक कारखाना यांना केवळ समकालीनतेच्या दोऱ्याने बांधले तर दोहोंचेही आकलन उथळ होते.

भाषाप्रश्नाला खरे तोंड फुटते ते १९८६ च्या '१९३६, द स्पॅनिश रेव्होल्यूशन' या प्रकाशनात. 'प्रकाशन' हाच शब्द येथे योग्य आहे. स्पेनमधील क्रांतीच्या पन्नासाव्या वर्षी निघालेले हे १४४ पानांचे छायाचित्रांचे पुस्तक आहे आणि त्याच्यासोबत दोन लहान तबकड्या आहेत. स्पॅनिश अराज्यवादी कामगार संघटना 'सेएनते' आणि तिच्याशी संलग्न 'फाइ' यांची कागदपत्रे फ्रँकोच्या विजयानंतर देशाबाहेर पडून अखेर ॲम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेत स्थिरावली. पराभूतांची स्मृती अशा रीतीने परमुलखात, द एक्सच्या अंगणात, पेट्यांत पडून होती. चार गीतांपैकी दोन गटाची स्वतःची, इंग्रजीतील. आणि दोन स्पॅनिशमधील जुनी, स्पॅनिशमध्येच गायलेली.

या दोन जुन्या गीतांची कुळकथा तौलनिक अभ्यासकाला विशेष रुचावी. 'आय कार्मेला' या गीताचे मूळ नेपोलियनविरुद्धच्या, म्हणजे १८०८ पासूनच्या युद्धापर्यंत मागे नेले जाते. यादवी युद्धात त्याच चालीवर नवे शब्द बसवले गेले. 'एल त्रेन ब्लिंदादो', म्हणजे चिलखती आगगाडी, हे गीत 'आंदा खालेओ' या लोकगीताच्या चालीवर आहे. फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी ते लोकगीत संकलित करून १९३१ मध्ये ला अर्खेंतिनिता या गायिकेबरोबर स्वतः पियानोची साथ करीत ध्वनिमुद्रित केले होते. ऑगस्ट १९३६ मध्ये लोर्काची हत्या झाली आणि त्याने जपलेली चाल सैनिकांच्या तोंडी नव्या शब्दांसह गेली. म्हणजे द एक्सने ज्याला 'मूळ' मानून मूळ भाषेत गायले ते स्वतःच एक पुनर्लेखन होते. 'मूळ संहिता' नावाची वस्तू राजकीय गीताच्या क्षेत्रात हाती लागणे कठीण, याचा याहून चांगला दाखला शोधावा लागेल.

तरीही अडचण उरतेच. वॉर्मरच्या तरुणांनी स्पॅनिशमध्ये गाणे ही एकात्मता आहे, की वेषांतर? माझ्या मते द एक्सने या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते गायनात नसून ग्रंथात आहे. १४४ पानांवरील सामूहिक शेते, ताब्यात घेतलेल्या ट्राम, बंदूकधारी स्त्रिया, शाळा पाहिल्यानंतर गीत ऐकणारा श्रोता त्या भाषेच्या गोडव्यात हरवून जाऊ शकत नाही. परभाषेत गाण्याचा हक्क गटाने अभ्यासाने कमावला. गीताला तळटीप असते, आणि ती गीतापेक्षा मोठी असू शकते, हे या प्रकाशनाने दाखवले. त्या पिढीतील पंकच्या अन्य कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत एवढी विद्वत्प्रामाणिकता मला आढळलेली नाही.

१९८९ मधील 'जॉगर्स अँड स्मॉगर्स' पासून गटाचा प्रयोगशील कालखंड सुरू झाला असे मानले जाते. अमेरिकी चेलोवादक टॉम कोरा यांच्यासह १९९१ आणि १९९३ मध्ये दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांतील पहिलीत हंगेरियन लोकगीताची चाल आली. हान बेनिंकसारख्या डच मुक्त जॅझ वादकांचा सहवास वाढला. याच दशकात अराज्यवादी पंकमधील दुसरा काठावरचा गट, लीड्सचा चंबावंबा, ईएमआय या बलाढ्य कंपनीकडे गेला आणि १९९७ मध्ये त्यांचे एक गीत जगभर गाजले. १९९८ च्या ब्रिट पुरस्कार समारंभात त्यांच्या सदस्याने उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांच्यावर पाणी ओतले. त्यांचा बचाव असा होता की मोठ्या व्यासपीठावरून अधिकांपर्यंत पोहोचता येते. तो अगदीच टाकाऊ नव्हता. मात्र त्यांनी व्यासपीठ बदलले आणि गीताचा घाट श्रोत्याच्या सवयीला जुळवून घेतला. द एक्सने व्यासपीठ तेच ठेवले आणि घाट बदलत नेला. या दुसऱ्या निवडीला 'कलेकडे वळणे' म्हणणे म्हणजे राजकारण फक्त शब्दार्थात असते असे गृहीत धरणे होय.

आता इथिओपियाकडे वळू. २००२ मध्ये द एक्सने तेथे पहिला दौरा केला. २००४ मध्ये गटाच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त टेनर सॅक्सोफोनवादक गेताचेव मेकुरिया यांना ॲम्स्टरडॅमला बोलावले गेले आणि २००६ मध्ये 'मोआ अन्बेसा' ही संयुक्त ध्वनिमुद्रिका निघाली. मेकुरिया (१९३५–२०१६) यांची ख्याती अशी की त्यांनी 'शेलेला' हा योद्ध्यांचा उच्चरवातील वीरघोष सॅक्सोफोनवर आणला. आपल्या पोवाड्यातील आवेशाशी त्याचे दुरून नाते सांगता येईल. पण शेलेलामध्ये आख्यानापेक्षा स्वतःच्या व कुळाच्या शौर्याची गर्जना, शत्रूला आव्हान, हा भाग प्रबळ असतो. रणात जाण्यापूर्वीची ती वाणी आहे. सिंहाच्या आयाळीचे शिरोभूषण धारण करून मेकुरिया वाजवीत.

'मोआ अन्बेसा' मधील बहुतेक भाग वाद्यांचा आहे. सोकचा आवाज मोजक्याच ठिकाणी येतो. यावरून 'द एक्सने शब्द सोडला' असा निष्कर्ष काढला जातो. परंतु शब्द कोणासाठी सुटला? युरोपीय श्रोत्याला जो शुद्ध, अर्थनिरपेक्ष ध्वनी वाटतो तो शेलेलाची रूढी ठाऊक असलेल्या इथिओपीय श्रोत्याला वाणीच वाटतो. श्वासाची तोड, वाक्य उंचावर नेऊन एकाएकी सोडणे, हे सारे उच्चारणाचे संकेत आहेत. वाद्याने ते गिळलेले नाहीत, उचललेले आहेत. म्हणजे 'घोषणेकडून ध्वनीकडे' असा हा प्रवास नव्हेच. एका घोषणेकडून दुसऱ्या, परक्या, अधिक जुन्या घोषणेकडे तो झाला. स्वतःचा घोष थांबवून दुसऱ्याच्या घोषाला ताल देणे, एवढाच बदल झाला. आणि तो लहान नाही.

या बदलाला काय म्हणावे? 'प्रभाव' हा शब्द येथे बसत नाही, कारण द एक्सच्या गिटारी इथिओपीय झालेल्या नाहीत. त्या तशाच खरखरीत, तुटक राहिल्या आहेत. 'संमिश्रण' म्हणावे तर कडा पुसल्या गेलेल्या नाहीत. मला मराठीतील 'साथ' हा शब्द सुचवावासा वाटतो. साथ म्हणजे संगत, साथ म्हणजे संकटातील सोबत. समाजवादी चळवळीत 'साथी' हे परस्परांना हाक मारण्याचे संबोधन. साथीदार मुख्य गायकाची भाषा बोलत नाही, पण ती ऐकल्याखेरीज त्याला समेवर येता येत नाही. कॅथरिना बॉर्नेफेल्ड यांचे ढोलवादन या ध्वनिमुद्रिकेत हेच करते. ते मेकुरिया यांच्या वाक्याची लांबी मोजते, आणि वाक्य लांबले तर थांबते. 'तेझेता' या रचनेत हे विशेष जाणवते. तेझेता म्हणजे स्मृती, हुरहूर. तेच गीतप्रकाराचेही नाव आणि स्वरसमूहाचेही. तिच्या एका रूपातील पाच स्वर आपल्या भूपाचेच आहेत. अर्थात हे केवळ स्वरसाम्य आहे, नाते नव्हे. भूपाचा प्रसन्न विस्तार मनात ठेवून ती ऐकू गेल्यास आपण चुकीच्या जागी जाऊन बसतो.

परंतु साथ कोणाच्या घोषाला? 'मोआ अन्बेसा' म्हणजे विजयी सिंह. 'यहूदाच्या वंशाचा विजयी सिंह' ही इथिओपियाच्या सम्राटांची बिरुदावली होती. ज्या आधुनिक संगीताच्या ओढीने द एक्स तेथे गेला ते संगीतही राज्यसंस्थेच्या कुशीत वाढले. पुढे सम्राट झालेले हैले सेलासी यांनी १९२४ मध्ये जेरुसलेमहून आणलेल्या चाळीस आर्मेनियन अनाथ मुलांचा वाद्यवृंद, नगरपालिकेचा वाद्यवृंद, सम्राटांच्या नावाच्या नाट्यगृहाचा, पोलिसांचा अशी ती परंपरा आहे. मेकुरिया स्वतः तिच्यातूनच आले. भिंतीवर राज्यारोहणाचा निषेध पाहत जन्मलेल्या गटाने सम्राटाचे बिरुद वेष्टनावर छापावे, यातील विसंगती नजरेआड करणे शक्य नाही.

येथे दुसऱ्या १९३६ चा विचार करावा लागतो. त्या वर्षी ५ मे रोजी मुसोलिनीचे सैन्य आदिस अबाबात शिरले. स्पेनमधील लष्करी उठाव त्यानंतर सुमारे दहा आठवड्यांनी झाला. ३० जूनला हैले सेलासी जिनीव्हाच्या राष्ट्रसंघात बोलायला उभे राहिले तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्या वाजवून गोंधळ घातला. सम्राटांनी भाषण केले ते अम्हारिकमध्ये. सभागृहातील जवळजवळ कोणालाच न समजणाऱ्या भाषेत. समजले जाण्यापेक्षा आपल्या वाणीत उभे राहणे त्या क्षणी अधिक मोलाचे मानले गेले. इटालियनांनी राजधानीतील सिंहाचा पुतळा लुटून रोमला नेला. त्या दिवसापासून सिंह हे राजचिन्ह जसे उरले तसे फॅसिझमविरोधाचेही चिन्ह झाले. १९८६ च्या १४४ पानांतील १९३६ हे स्पेनचे होते, आदिस अबाबाचे नव्हते. युरोपीय डाव्यांच्या स्मृतीत ते वर्ष आजही बहुधा स्पेनचेच असते. द एक्सने जाणूनबुजून ही उणीव भरून काढली असा दावा मी करीत नाही. परंतु वीस वर्षांनी ते त्याच वर्षाच्या दुसऱ्या दाराशी जाऊन पोहोचले, ही वस्तुस्थिती आहे.

आणि तेथेच माझा आक्षेपही आहे. स्पेनच्या वेळी गीतापेक्षा मोठी तळटीप देणाऱ्या गटाने इथिओपियाच्या वेळी तसा ग्रंथ दिला नाही. सिंहाचे दुहेरी चिन्ह, १९७४ मध्ये पदच्युत झालेली राजसत्ता, त्यानंतर १९९१ पर्यंत चाललेली लष्करी राजवट आणि तिच्या रात्रीच्या संचारबंदीने निर्जीव केलेले आदिस अबाबाचे रात्रजीवन यांपैकी काहीही संगीतातून श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही. ते पोहोचवण्याची जबाबदारी वाद्यांची नसते. ती ग्रंथाची होती. स्पेनचे क्रांतिकारक युरोपीय असल्याने त्यांचा इतिहास जाणून घेणे आवश्यक वाटले आणि आफ्रिकी कलावंताचा ध्वनी पुरेसा वाटला, असा संशय कोणी घेतला तर त्याला ठाम उत्तर देता येत नाही. एक गोष्ट मात्र गटाच्या बाजूने नोंदवायला हवी. संयुक्त ध्वनिमुद्रिकेची इच्छा मेकुरिया यांनी स्वतः व्यक्त केली होती आणि त्यातील रचना त्यांच्या परंपरेतील होत्या. या मांडणीत अग्रस्थान त्यांचे आहे. युरोपीय गट मागे उभा आहे. पाश्चात्त्य संगीतकार आणि 'जागतिक संगीत' यांच्या व्यवहारात ही उतरंड क्वचितच अशी उलटी होते. २०१२ मध्ये दोघांची दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली.

त्याआधीच, २००९ मध्ये, तीस वर्षांनंतर सोक गटातून बाहेर पडला. शब्दाचा माणूस जाणे आणि घोषाचे केंद्र सॅक्सोफोनकडे सरकणे यांत कार्यकारणभाव शोधण्याचे कारण नाही. त्याच्या जागी आलेला आर्नोल्ड दे बूर गटात प्रामुख्याने इंग्रजीतच गातो. उच्चारणाची तोड त्याने ठेवली, सोकचा कठोरपणा ठेवला नाही. नेदरलँड्समध्ये १ ऑक्टोबर २०१० पासून रिकाम्या घरांचा ताबा घेणे हा गुन्हा ठरला, आणि ज्या अवकाशात या गटाची भाषा घडली तो कायद्याने मिटला. दे बूरने 'झेआ' या नावाने स्वतंत्रपणे २०१७ मध्ये एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका काढली, ती फ्रिजियन भाषेत आहे. नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ही अल्पसंख्य भाषा ॲम्स्टरडॅमच्या श्रोत्यालाही सहजी कळत नाही.